आज बर्फ कसा आहे?

७ जानेवारी, मंगळवार

उणे चौदा. उत्तरेचा वारा, थोडा. घरून काम केलं. दुपारी सरपण आत आणलं. संध्याकाळी बटाटे आणि खारवलेला मासा.

चर्चमधल्या बाईंनी रोज दोन ओळी लिहायला सांगितलं आहे. काय वाटलं ते जमत नसेल तर काय केलं ते लिही, म्हणाल्या. म्हणून लिहिते आहे.

सुट्ट्या संपल्या. सकाळी मार्केताचा मेसेज आला, "आज बर्फ कसा आहे?" मार्केता आमच्या ऑफिसची प्रमुख. ऑफिस पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. तिथून आम्ही म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या घरी नर्सेस पाठवतो. कोणी कधी कुठे जायचं त्याचं वेळापत्रक मी लावते. ते घरूनही लावता येतं, पण बर्फ धरला की मी रोज गाडीने जायचे.

आमच्या बेटाला सरकारी बर्फरस्ता नाही. फेरीबोट थांबली की काउकोची पातळ बर्फावरून घसरत जाणारी पंख्याची होडी, आणि बर्फ जाड झाला की गावाने आखलेला रस्ता. त्यावर गाडी घालायची की नाही हे बेटावरच्याच कोणीतरी सांगायचं असतं. इतकी वर्षं ते ताउनो, माझा नवरा, सांगायचा. उजाडायच्या आधी बंदरावर जाऊन गिरमिटाने भोक पाडायचा, काठी घालून मोजायचा आणि परत येऊन बूट न काढता दारातूनच म्हणायचा, "जा." किंवा, "घरी बस." तेच मी ऑफिसला कळवायचे आणि नर्सेसच्या गाड्याही त्यावरच निघायच्या किंवा थांबायच्या.

आज सांगायला कोणी नव्हतं. मी लिहिलं, "अजून खात्रीचा नाही. घरून काम करते."

"ठीक आहे, विर्पी," असं उत्तर आलं.

खात्रीचा नाही हे खरंच होतं. मी तो पाहिलाच नव्हता.


९ जानेवारी, गुरुवार

काउको आला होता. बेटावर टपाल तोच वाटतो, होडी तोच चालवतो, आणि यंदा रस्ताही त्यालाच आखावा लागतो आहे. दारातून ओरडला, "धुराडं धूर सोडतंय म्हणजे विर्पी आहे! कॉफी आहे का ते सांग."

कॉफी दिली. वेलदोड्याचा पाव शिळा होता, तोही खाल्ला त्याने.

"दोन गोष्टी हव्यात," म्हणाला. "जुनिपरची पहिली जोडी तुमच्या सॉनामागची. दर वर्षीसारखी. आणि ताउनोची मापकाठी."

रस्ता कळावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फात जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवतात. पहिली जोडी आमच्या अंगणातली असते कारण आमचं घर बंदराला लागून. मी म्हटलं फांद्या ने. काठी मात्र सापडत नाही.

काठी दारामागे उभी आहे. ऑक्टोबरपासून तिथेच आहे. दार उघडं होतं त्यामुळे काउकोला दिसली नसावी. तो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला, मग टोपी घालत म्हणाला, "राहू दे. माझ्याकडे बापाची आहे. वाकडी आहे, पण मोजते. बापासारखीच."

असं का सांगितलं मला माहीत नाही. काठी देऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं?


१४ जानेवारी, मंगळवार

उणे एकोणीस. स्वच्छ. समुद्र कण्हल्यासारखा आवाज करत होता.

मार्केताने विचारलं. मी लिहिलं, "बंदराच्या तोंडाशी शंका वाटते." काउकोची टपालाची पिवळी गाडी तेव्हाच बर्फावरून पलीकडे जात होती. काउको पहिल्यापासून धाडसी आहे.

ते लिहिल्यामुळे सातुची बेटावरची फेरी मलाच रद्द करावी लागली. सातु नर्स आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती ल्युलीच्या घोट्यावरची जखम धुऊन पट्टी बदलते. ल्युली ताउनोची आई. चौऱ्याऐंशीची आहे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. बेटावर आणखी एका घरी सातु जाते, पण तिथे फक्त गोळ्यांचं बघायचं असतं, ते फोनवर भागलं.

तेव्हा ल्युलीकडे मीच गेले. घसरगाडी पायाने रेटत, पट्ट्यांची पिशवी पुढच्या खुर्चीवर ठेवून. गालांना चटके बसले.

"आज सातु नाही?" ल्युलीने विचारलं.

"बर्फ," मी म्हटलं.

"हं. बर्फ." ती खिडकीतून बघत होती. काउकोची गाडी परत येताना दिसत होती.

"बुडेल एक दिवस तो," मी म्हटलं.

"काउको जन्मल्यापासून बुडतोय. अजून तळाला लागला नाही." मग पाय पुढे करून म्हणाली, "हात गरम कर आधी. सातुचे हात गार असतात, पण ती परकी आहे, तिच्यावर ओरडता येत नाही. तुझ्यावर येतं."

जखम नाण्याएवढी आहे. कडा स्वच्छ. पट्टी बांधली, कॉफी केली. कॉफीला नावं ठेवत दोन कप प्यायली.


१७ जानेवारी, शुक्रवार

"अजून शंका आहे." ल्युलीकडे गेले. जखम तशीच. ती फोन ठेवत होती. कोणाचा फोन, विचारलं.

"चुकीचा नंबर."

"बराच वेळ बोलत होतीस. मी अंगणात होते तेव्हापासून."

"बराच चुकीचा होता."


२१ जानेवारी, मंगळवार

बर्फ पडला, गुडघाभर. अंगण साफ केलं. ताउनोचं फावडं माझ्या उंचीला मोठं पडतं.

सकाळी नऊला ऑफिसात सगळे कॉफीच्या खोलीत असतात. त्या खोलीची मोठी खिडकी समुद्राकडे आहे. बेटाकडून येणारी गाडी अर्ध्या वाटेपासून दिसते. ताउनो मला सोडायला यायचा तेव्हा किनाऱ्याला लागताना दिवे दोनदा मिचकवायचा आणि सातु खिडकीतून कप उंच करायची. आज नऊ वाजता हे आठवलं. मी स्वयंपाकघरात कॉम्प्युटरसमोर बसले होते. मार्केताला तोवर कळवून झालं होतं की ताज्या बर्फाखाली काय आहे ते सांगता येत नाही.

हे मात्र खरं असू शकेल. ताउनो म्हणायचा की ताजा बर्फ गोधडीसारखा असतो, खालचा बर्फ वाढू देत नाही.

ल्युलीकडे जायला दुप्पट वेळ लागला. तिने मला मोजे दिले, स्वतः विणलेले, राखाडी. मापाने मोठे आहेत. कोणासाठी विणले होते ते मी विचारलं नाही.


३० जानेवारी, गुरुवार

घरून काम. गुरुवारी ऑफिसच्या खाणावळीत वाटाण्याचं सूप असतं. मी डब्यातलं गरम केलं. अर्धं उरलं.


४ फेब्रुवारी, मंगळवार

ल्युलीचा पाय बरा आहे. जखम थोडी लहान झाली असं मला वाटतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "लहान होऊ दे, पण बंद नको. बंद झाली तर तू कुठल्या निमित्ताने येशील?"

मी म्हटलं, निमित्त कशाला, मी येईनच.

"मागच्या हिवाळ्यात किती वेळा आलीस?"

मागच्या हिवाळ्यात ताउनो जायचा.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

मार्केताने आज ऑफिसात केक आणला होता, कोणाचं तरी बाळ. फोटो पाठवला. वर लाल जेली.

ऑक्टोबरातही केक होता. मार्केताचा वाढदिवस. त्या सकाळी ताउनो दारात उभा राहून म्हणाला होता, "आज वारा आहे, बोट उशीर करील. घरी बस." मी म्हटलं, केक आहे, सगळे असतील. आणि गेले. त्या दिवशी त्याला होडी पाण्याबाहेर काढायची होती. दर वर्षी दोर मी धरते. त्याने एकट्याने ओढली. काउकोला तो होडीघरात सापडला. तेव्हा मी केक खात होते. बदामाचा होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय असं होतं की कधीही झालं असतं. मी मान हलवली होती.

घरून काम केलं. ल्युलीकडे जाऊन आले. पाय ठीक.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उणे सहा. ढग.

मार्केताने विचारलं, "आज बर्फ कसा आहे?" रोज तेच लिहून कंटाळा आला होता, म्हणून लिहिलं, "नैर्ऋत्येच्या वाऱ्याने बर्फावर पाणी आलं आहे. जड गाड्या नकोत." खिडकीचा पडदाही उघडला नव्हता. वारा कुठून होता ठाऊक नाही.

सातुची फेरी रद्द केली. ल्युलीकडे जायचं होतं. बूट घातले आणि मग बाकावर बसले, त्यानंतर उठवेना. ताउनोचा लोकरी स्वेटर घालून कोचावर पडून राहिले. तीनच्या सुमाराला ल्युलीला फोन केला.

"उद्या येते," म्हटलं.

"ये. मी कुठे पळून जाते."


१५ फेब्रुवारी, शनिवार

काही नाही.


१७ फेब्रुवारी, सोमवार

काल रविवार. काल काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी अकराला ल्युलीकडे पोचले. चूल विझलेली होती. ती पलंगावर कोट घालून पडली होती आणि दात वाजत होते. पट्टी ओली होती, वास येत होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय लाल, हात लावला तर तव्यासारखा.

"फोन का नाही केलास?"

"तू म्हणालीस उद्या येते," ती म्हणाली. "म्हटलं येईल."

आपत्कालीन नंबरला फोन केला. बाई शांत होती. सगळं विचारून घेतलं, टाइप करण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तुमच्या बेटाच्या रस्त्याबद्दल नोंद आहे. बर्फावर पाणी, जड गाड्या नकोत. शुक्रवारची आहे, गृहशुश्रूषा ऑफिसकडून आलेली. अँब्युलन्स बर्फावर येऊ शकणार नाही. बचाव पथकाची होडी दुसऱ्या बेटावर गेली आहे. तिथून यायला वेळ लागेल. बेटावर पंख्याची होडी आहे का?"

काउकोची होडी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवली होती, आणि काउको पलीकडे मुलीकडे गेला होता.

"बर्फ चांगला आहे," मी म्हटलं.

"तुम्ही आज पाहिला का?"

मी एकदाही पाहिला नव्हता. शुक्रवारी लिहिलं ते खोटं होतं की चुकून खरं झालं होतं, हेही मला माहीत नव्हतं.

ल्युलीने डोळे न उघडता विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"बर्फावर पाणी आहे म्हणून गाडी येणार नाही."

"कोण म्हणालं पाणी आहे?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझी लाल टोपी दे. तुझी गाडी कुठे आहे?"

बाईला सांगितलं की मी छोट्या गाडीने घेऊन येते, अँब्युलन्स पलीकडच्या काठाला थांबू दे. तिने हे मी सुचवत नाही असं दोनदा सांगितलं, ते नोंदवून घेतलं असणार. गाडी आणायला मी घरापर्यंत घसरगाडी रेटत पळाले. डिसेंबरपासून चालू केली नव्हती. तिसऱ्या प्रयत्नात चालू झाली.

ल्युलीला पाठीवर घेऊन गाडीत ठेवलं. ती इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. बंदरावर आले. समोर आमच्या सॉनामागच्या दोन फांद्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून रस्ता सरळ जात होता. मी ब्रेकवर पाय ठेवून बसले.

"पट्टा," ल्युली म्हणाली.

बर्फावर पट्टा लावत नाहीत. गाडी खाली गेली तर बाहेर पडता आलं पाहिजे. मी सवयीने तो घट्ट लावून बसले होते. माझा काढला, तिचा काढला, काचा खाली केल्या.

"आता चालव. हळू चालव, आणि मध्ये थांबायचं नाही. एवढंही शिकवलं नाही का त्याने?"

"बर्फावर तोच चालवायचा."

"मला पण त्याचा बापच न्यायचा. नवरे गेले की शिकायचं."

बर्फ खालून बोलत होता. मोठा आवाज झाला, लांबून आला आणि आमच्याखालून पुढे गेला. ल्युली म्हणाली, "बोलू दे त्याला. गप्प बसला की घाबर." एवढं बोलून ती पुन्हा थरथरायला लागली.

पाणी कुठेही नव्हतं. रस्ता रुंद होता, कोरडा, कडक. काउकोच्या चाकांचे ठसे एकावर एक पडले होते, आठवड्यांचे. रोज त्याने रस्त्यावरचा बर्फ दोन्ही बाजूंना सारला असणार. अँब्युलन्स आरामात आली असती. दोन आल्या असत्या.

काठावरच्या तरुण माणसाने ल्युलीला आत घेतलं आणि बेटाकडे बघत म्हणाला, "पाणी कुठे आहे?"

"ओसरलं," मी म्हटलं.

तेव्हासुद्धा हेच म्हटलं.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलात. पाय ठेवता येईल की नाही ते दोन दिवसांत कळेल म्हणतात. ल्युली झोपेत होती. तिचे केस विंचरले.


१९ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलातून ऑफिसात गेले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मार्केता कॉफीच्या खोलीत होती, एकटी. मी कोट न काढताच सांगितलं, "बर्फ चांगला होता. जानेवारीपासून. मी खोटं लिहीत होते."

तिने कप खाली ठेवला. "विर्पी, आपल्याकडे खिडकी आहे."

मी खिडकीकडे बघितलं. बर्फावरून काउकोची पिवळी गाडी येत होती. अर्ध्या वाटेपासून दिसत होती.

"मी रोज सकाळी इथे उभी राहून तुला विचारायचे," मार्केता म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, येईल तेव्हा येईल."

"मग सातुला का नाही पाठवलं?"

"सातु निघाली होती. पहिल्याच आठवड्यात. ल्युलीने फोन करून नको म्हणून सांगितलं. मला पण फोन केला. म्हणाली, माझ्या पायाला सून पुरेशी आहे, हात गरम असतात तिचे. आणि म्हणाली, पोरीला घराबाहेर पडायला दुसरं काही नाही, हे काढून घेऊ नका." मार्केताने कप बाजूला सरकवला. "काउको दर आठवड्याला सांगायचा की तू जातेस. या शुक्रवारी मी धरूनच चालले की गेली असशील. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

तिचे डोळे लाल होते. मग पुढे म्हणाली, आवाज जरा कडक करून, "पण एक ऐक. शंका आहे असं लिहायचीस ते मी माझ्याजवळ ठेवत होते. पाणी आलं म्हटलंस की ते मला नोंदीत घालावंच लागतं. खिडकीतून पाणी दिसत नाही. घरी राहायचं असेल तर घरी राहते म्हण, मी एका शब्दाने विचारणार नाही. बर्फावर ढकलू नकोस."

"हो," मी म्हटलं.

"कॉफी घे. उभ्याने नको, बस."

बसले. सातु आली, तिने माझ्यासमोर साखर ठेवली. मी साखर घेत नाही, पण घेतली.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाय राहील. दोन बोटं काढावी लागली.

ल्युली म्हणाली, "करंगळी आणि तिची शेजारीण. दोघी काही कामाच्या नव्हत्या."

मी तिची माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "मी पण त्यांना सांगितलं होतं येऊ नका म्हणून. आपण दोघींनी मिळून केलं. आता सूप दे, गार होतंय."

असं म्हटल्याने माझं ओझं काही कमी झालं नाही. तिला ते कळलं असावं, कारण नंतर तिने माझा हात धरून ठेवला. सूप गारच झालं.


४ मार्च, मंगळवार

रोज जाते. सकाळी ऑफिस, संध्याकाळी हॉस्पिटल, मग घर. सकाळी काउकोला फोन करते. तो वाकड्या काठीने मोजतो आणि सांगतो. आज म्हणाला, "ये गं, पट्टा काढून ये, आणि माझ्यासाठी सायीचा पाव आण. आज ईस्टरच्या उपासाआधीचा मंगळवार, आज तो मिळाला नाही तर उन्हाळा येत नाही." आणला. ल्युलीलाही नेला. नाकाला साय लावून बसली होती, पुसू दिली नाही.


१९ मार्च, बुधवार

ल्युलीला पुढच्या गुरुवारी घरी सोडणार. तिच्या घरी जाऊन चूल पेटवून आले, उंबऱ्याला फळी ठोकली म्हणजे चालताना अडखळणार नाही. सरपण रचलं. पलंग खिडकीजवळ सरकवला. ल्युली रोज विचारते, "किती दिवस राहिले?" मला वाटतं नर्सेसनाही विचारून भंडावते.


२७ मार्च, गुरुवार

अधिक तीन. काल दिवसभर पाऊस, दक्षिणेचा वारा. आज धुकं.

उजाडायच्या आधी काउकोला फोन केला. तो घरी तापाने अंथरुणात आहे. खोकत म्हणाला, "मला इथून काय दिसणार? तू मोज."

"मी कधी मोजलं नाही."

"ताउनोची काठी सापडली नाही का अजून?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा खोकायला लागला.

दारामागून काठी घेतली. तळाशी लोखंडाचा आकडा आहे, वर खुणा. गाडीची खूण त्याने तापलेल्या सळईने जाळून काळी केलेली. गिरमिट होडीघरात होतं. होडीघरात मी ऑक्टोबरनंतर गेले नव्हते. गिरमिट भिंतीवर जिथे असतं तिथेच होतं. घेतलं आणि बाहेर आले.

पहिल्या जुनिपरच्या जोडीपाशी वरचा थर बुटाखाली पिचत होता. भोक पाडायला त्याला लागायचा त्याहून कमी वेळ लागला. पाणी उसळून वर आलं. काठी घातली, आकडा बर्फाच्या तळाला अडकवला आणि वर ओढून धरला. काळी खूण बर्फाच्या वर राहिली. चांगली तीन बोटं वर. ती पाण्याखाली गेली असती तर जायला हरकत नव्हती.

पुढे जाऊन दुसरं भोक पाडलं. तिसरं बंदराच्या तोंडाशी, पोटावर झोपून, कारण उभं राहायची भीती वाटली. तिथे खूण आणखी वर होती.

परत पहिल्या भोकाशी आले आणि पुन्हा मोजलं. काठी जरा तिरकी धरली तर खूण बुडते हे माझ्या लक्षात आलं. थोडा वेळ ती तशी तिरकी धरून उभी राहिले. ल्युली सकाळपासून टोपी घालून बसली असणार. काउको म्हणाला होता छोटी गाडी असली तर चालतं कधी कधी, पण ते मागच्या आठवड्यात म्हणाला होता. धुक्यात ऑफिसच्या खिडकीतून काही दिसणार नव्हतं.

काठी सरळ केली.

मार्केताचा मेसेज आला, "आज बर्फ कसा आहे?" लिहिलं, "मोजला. आज बर्फ नाही. कोणाचीही गाडी नको. घरून काम करते."

"ठीक आहे, विर्पी," तिने लिहिलं. नेहमीसारखंच. ती खरं मानते की नाही हे त्यावरून कळत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही.

हॉस्पिटलला फोन केला. ल्युलीने पहिल्या घंटेलाच उचलला.

"निघालीस?"

"नाही. बर्फ नाही आज."

तिकडे कोणीतरी ताटं गोळा करत होतं.

"मोजलास?"

"मोजला. चार वेळा."

"कशाने?"

"ताउनोच्या काठीने."

"सापडली म्हणजे," ल्युली म्हणाली. मग म्हणाली, "मी टोपी घालून बसले होते."

"माहीत आहे. काउको बरा झाला की होडी काढेल, रविवारपर्यंत."

"मग घरी बस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

रस्ता बंद करताना पहिल्या जोडीतली एक फांदी उपटून आडवी टाकतात. ती घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी हलवून काढावी लागली. आडवी टाकली. वाऱ्याने सरकू नये म्हणून टोकांवर ओला बर्फ थापला. पाडलेल्या भोकांशी एकेक डहाळी खोचली, कोणाचा पाय जाऊ नये म्हणून.

घरी आले. काठी दारामागे ठेवली. सवय नसताना बूट न काढता तिथेच उभी राहिले, दार उघडं, तोंड आत करून. मग बूट काढले, दार लावलं आणि कॉफी ठेवली.